तारबाईचा थांबा

"त्या खिडकीत मी बसणार नाही," तारबाई म्हणाली.

साहेबांनी अजून खिडकीचं नावही नीट घेतलं नव्हतं. त्यांनी नुसता चहा मागवला होता, घरच्यांची विचारपूस केली होती आणि "तुमची दगदग जरा कमी व्हावी असं आम्हा सगळ्यांना वाटतं," इथपर्यंत गाडी आणली होती. पण साहेब स्वतःहून चहा मागवतात तेव्हा कुणाची तरी उचलबांगडी ठरलेली असते, हे त्या कार्यालयात शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. तिने एक घोट घेतला, नकार दिला आणि चहा वाया जाऊ नये म्हणून उरलेला कपही शांतपणे संपवला.

"अहो, चौकशीची खिडकी म्हणजे मानाची जागा आहे," साहेब म्हणाले. "प्रवासी येतील, विचारतील, तुम्ही सांगाल. बसची वेळापत्रकं तुम्हाला तोंडपाठ आहेत. पगाराला धक्का नाही."

"मला प्रोग्रॅम लिहिता येतो म्हणून इथे घेतलं होतं. तो अजून येतो."

"येतो हो. नाही कोण म्हणतंय? पण वेळ फार लागायला लागलाय."

"तो तुमच्या नव्या सॉफ्टवेअरमुळे. माझ्यामुळे नाही."

साहेब वयाने तिच्यापेक्षा लहान होते आणि मनाने खरोखर चांगले होते. तीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगला माणूस समोर उशी धरून उभा राहतो, मग कितीही बुक्क्या मारा.

कार्यालय बसच्या आगारातच, वरच्या मजल्यावर होतं. खाली बस धुतल्या जायच्या, ब्रेक तपासले जायचे, आणि वर बसलेली माणसं एकच मोठा प्रोग्रॅम सांभाळायची. कोणत्या ड्रायव्हरने, कोणत्या कंडक्टरने, कोणत्या दिवशी कोणती पाळी करायची, याचा तक्ता तो प्रोग्रॅम काढायचा. तक्ता चुकला की खालची माणसं जिना चढून वर यायची, आणि ती काही साहेबांसारखी मऊ बोलायची नाहीत.

तारबाईला दिसत नव्हतं. एका कानात कायम इयरफोन आणि त्याची तार गळ्यावरून खिशात गेलेली, म्हणून तिला तारबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिलाही ते चालायचं. डोळे एका दिवसात गेले नव्हते. आधी संध्याकाळ गेली, मग बाजूचं दिसणं गेलं, मग नळीतून पाहावं तेवढंच जग उरलं आणि शेवटी ती नळीही बंद झाली. हे असं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रडारड झाली ती इतरांची. तिने मात्र थोडं दिसत होतं तेव्हापासूनच घरी कॉम्प्युटरचा पडदा विझवून बसायला सुरुवात केली. पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला ती बोलक्या म्हणायची. बोलक्याच्या भरवशावर काम करायचं ती शिकत होती. नवरा येता जाता पडदा लावून द्यायचा. "अगं, अजून दिसतंय ना तुला?" तो म्हणायचा. "म्हणूनच," ती म्हणायची. "तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यातली मी नाही." आणि पडदा पुन्हा बंद करायची.

कार्यालयात तिच्यामुळे एक गंमत व्हायची. कुणीतरी बोलण्याच्या ओघात "म्हणजे आंधळं दळतंय आणि..." असं सुरू करायचं आणि एकदम जीभ चावायचं. तारबाई टंकन न थांबवता म्हणायची, "आणि कुत्रं पीठ खातंय. पूर्ण करा की. अर्धवट राहिली तर पीठ सांडतं." लोक हसायचे, पण पुढच्या वेळी पुन्हा जीभ चावायचेच.

इतकी वर्षं तिचं बरं चाललं होतं. काम करायला तिच्याकडे एक जुना, साधा एडिटर होता. नुसती अक्षरं, ना चित्र, ना रंगीबेरंगी खिडक्या. बोलक्याला त्यातलं सगळं वाचता यायचं. प्रोग्रॅममध्ये चूक निघाली की ती जागोजाग छापण्याच्या ओळी घालायची, प्रोग्रॅम चालवायची आणि छापून आलेलं ऐकून चूक हुडकायची. मग कंपनीने सगळ्यांसाठी नवं, भलंमोठं सॉफ्टवेअर घेतलं. लिहिणं, चालवणं, चुका शोधणं, सगळं एकाच छपराखाली. बोलक्या तिथे पोचला की मुकाच व्हायचा. फार तर म्हणायचा, "बटण. बटण. बटण." कसलं बटण, ते त्यालाही माहीत नसायचं.

त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये डीबगर होता, आणि खरी मेख तिथे होती. डीबगर म्हणजे चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवायचा आणि त्याला विचारायचं, बाबा रे, आत्ता तुझ्या पोटात काय काय आहे? पाळीचा दिवस कोणता धरलास, माणूस कोणता? ज्या ओळीवर थांबवायचं तिथे एक खूण लावायची. आगारातली माणसं तिला थांबा म्हणायची. बसच्या धंद्यात दुसरं काय म्हणणार? बाकीचे थांबे लावून भराभर चुका पकडायला लागले. तारबाई आपली अजून ओळी छापून ऐकत होती, आणि प्रोग्रॅम तर दर वर्षी फुगत चालला होता.

"मला पुढचा तक्ता निघेपर्यंत वेळ द्या," ती साहेबांना म्हणाली. "माझ्या एडिटरमधूनच डीबगर चालवून दाखवते."

"बाई, कार्यालयाच्या मशीनवर दुसरं काही टाकायची परवानगी नाही. नियम आहे."

"काही टाकत नाही. एडिटर मशीनवर आहेच. डीबगर प्रोग्रॅमच्या भाषेसोबतच येतो, तोही आहे. मी फक्त दोघांची गाठ घालून देते. ह्याला नियम नाही ना?"

साहेबांनी नियम आठवून पाहिला. तसा नियम नव्हता.

गाठ घालणं बोलण्याइतकं सोपं नव्हतं. एडिटरला एका छोट्या फाइलमध्ये सगळं लिहून द्यावं लागतं: डीबगर कुठे राहतो, त्याला कसं उठवायचं, कोणता प्रोग्रॅम त्याच्या हाती द्यायचा, तो कोणत्या फोल्डरमध्ये उभा राहून चालवायचा, दोघांनी एकमेकांशी कोणत्या दारातून बोलायचं. एक स्वल्पविराम चुकला तरी दोघंही तोंड फिरवून बसतात. आणि ह्या विषयावर जे काही लिहिलेलं सापडे, त्यात मोक्याच्या जागी असायचं, "खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे करा." तारबाईने त्या चित्रांना मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी तिने फाइल लिहिली. डीबगर उठला. प्रोग्रॅम सुरू झाला. आणि तिने लावलेल्या थांब्यावर न थांबता सुसाट शेवटपर्यंत निघून गेला.

"काय, थांबली का बस?" शेजारच्या टेबलावरून काकांनी विचारलं. काका म्हणजे कार्यालयातले सगळ्यांत जुने. चूक शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि टोमणा मारण्यातही.

"थांब्यावर हात दाखवून उभी आहे," ती म्हणाली. "ड्रायव्हर तुमच्या वळणाचा दिसतो."

काका हसले. पण मशीन बंद करायच्या आधी तिने ती फाइल पहिल्या ओळीपासून पुन्हा ऐकली.

रविवारी सकाळी ती कार्यालयातून आणलेला लॅपटॉप घरी उघडून बसली तेव्हा नवरा औषधांच्या दुकानात निघायच्या तयारीत होता. त्याचं स्वतःचं दुकान होतं, आणि घरातली प्रत्येक बरणी, प्रत्येक डबा त्याने दुकानातल्यासारखाच लावलेला असायचा, तिला सापडावा म्हणून. ती दोनदा म्हणाली होती की मला माझ्या पद्धतीने लावू दे. तो हो म्हणायचा आणि पुन्हा स्वतःच लावायचा.

"खिडकीत काय वाईट आहे गं?" त्याने चपला घालता घालता विचारलं. "माणसांशी बोलणं होईल. डोक्याला ताप नाही. मी तर म्हणतो..."

"तू म्हणू नकोस."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"सगळे माझ्या भल्यासाठीच बोलतात. एखाद्याने तरी माझ्या कामासाठी बोलावं."

तो गेला. दार लागल्याचा आवाज झाल्यावर आतल्या खोलीतून सासूबाई आल्या आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. त्या आयुष्यभर कोर्टात टंकलेखिका होत्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण बोलताना अजून बोटं मांडीवर नाचायची.

"त्याचं मनावर घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आणि त्याचं ऐकूही नकोस."

तारबाईने इयरफोन काढला.

"आमच्याकडे टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले ना, तेव्हा मलाही अशीच मानाची जागा दिली होती. फायलींच्या कपाटापाशी. म्हणाले, तुम्ही ज्येष्ठ, तुम्हाला कशाला नव्याचा त्रास? मला वाटलं, बरोबरच आहे. बसले जाऊन. माझ्यामागून आलेल्या पोरी कॉम्प्युटरवर लिहायला शिकल्या आणि मी त्यांना फायली काढून द्यायचे." सासूबाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "कुणी वाईट वागलं नाही हो माझ्याशी. सगळे गोडच बोलायचे. पण अजून आठवलं की राग येतो. कुणाचा येतो ते कळत नाही, म्हणून जास्त येतो."

"आई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कधी विचारलंस? ते राहू दे. तुझं नेमकं अडलंय कुठे?"

तारबाईने सांगितलं. प्रोग्रॅम थांब्यावर थांबत नाही, आणि का थांबत नाही ते कुणी बोलत नाही.

"चालव बघू. मी बघते."

"तुम्हाला त्यातलं काय कळणार, आई?"

"मला कोर्टातलं तरी कुठे कळत होतं? समोर असेल ते अक्षर न् अक्षर उतरवायचं, एवढंच काम. चालव."

तिने चालवलं. सासूबाई म्हणाल्या, "खाली कोपऱ्यात काहीतरी आलं बघ. गेलंसुद्धा."

डीबगर जोडल्यावर तिच्या साध्या एडिटरमध्येही असा एखादा चौकोन क्षणभर उगवून मावळत असेल आणि बोलक्याला त्याचा पत्ताच नसेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने पुन्हा चालवलं. मग पुन्हा. सासूबाई दरवेळी थोडं थोडं वाचून घेत होत्या, इंग्रजी अक्षरं एकेक करून, तिरप्या रेघेसकट, मोठी लिपी का छोटी तेही सांगत. सगळं जोडल्यावर अर्थ निघाला: थांबा लावलाय खरा, पण ही फाइल मला सापडत नाही. आणि पुढे फाइलचा पत्ता.

"पुन्हा सांगा पत्ता."

सासूबाईंनी पुन्हा सांगितला. तारबाई हसायला लागली.

कार्यालयात फोल्डरच्या लांबलचक पत्त्याला कुणीतरी पूर्वी एक आखूड टोपणनाव देऊन ठेवलं होतं. एडिटर टोपणनावाने बोलत होता, डीबगर खऱ्या नावाने. फाइल एकच होती, पण दोघांच्या लेखी त्या दोन निरनिराळ्या होत्या, आणि थांबा भलत्याच पत्त्यावर लागत होता.

"म्हणजे आपल्या ह्याला मी बाळ्या म्हणून हाक मारते," सासूबाई म्हणाल्या, "आणि बँकेवाले त्याला बाळ्या म्हणून शोधत बसलेत."

"अगदी तसंच."

तिने पत्ता दुरुस्त केला आणि पुन्हा चालवलं. सगळं शांत.

"थांबलं," सासूबाई म्हणाल्या. "एका ओळीवर पिवळा बाण आलाय."

"मला काय बाणाचं? बोलक्या गप्पच आहे."

"मग त्याला बोलायला लाव ना. आता थांबलाय, पळत थोडाच आहे?"

बोलक्याला बोलतं करणं मात्र तारबाईच्या हातातलं काम होतं. तिचा तो एडिटर हवा तसा वाकवता यायचा. प्रोग्रॅम थांबला रे थांबला की ओळीचा क्रमांक आणि ओळीतला मजकूर बोलक्याकडे पाठव, असं सांगणारा तुकडा तिने लिहिला. दुपारपर्यंत तो कधी अर्धीच ओळ बोलला, कधी तीच ओळ पुन्हा पुन्हा बोलत सुटला. सासूबाई मध्ये उठून चहा करून आल्या. मग एकदा इयरफोन बाजूला ठेवून तिने आवाज खोलीत मोकळा सोडला आणि प्रोग्रॅम चालवला. बोलक्याने क्रमांक सांगितला, ओळ वाचली आणि गप्प झाला.

तिने विचारलं, माणूस कोणता धरलास? बोलक्याने उत्तर दिलं. पाळी कोणती? उत्तर आलं. पुढच्या ओळीवर जा. तो गेला आणि नवी ओळ वाचली.

"तोंडाला तोंड देतोय की," सासूबाई म्हणाल्या.

तारबाई विचारत सुटली होती. ज्या प्रोग्रॅमच्या बाहेर उभं राहून इतके महिने ती हाका मारत होती, तो आज दार उघडून तिच्याशी बोलत होता, आणि तिला त्यात काही विशेष शोधायचंही नव्हतं. नुसतं ओळीमागून ओळ चालत राहायचं होतं.

त्याच आठवड्यात एक कंडक्टरबाई जिना चढून वर आली. रात्रीची शेवटची बस आटोपून घरी जाऊन पाठ टेकते न टेकते तोच पहाटेची पहिली बस तिच्याच नावावर. "मी माणूस आहे का चाक?" तिने साहेबांना विचारलं. दोन पाळ्यांमध्ये विश्रांती सोडायची हा नियम प्रोग्रॅममध्ये होता, तरी असं झालं होतं. साहेबांनी ती तक्रार काकांना दिली आणि तारबाईलाही दिली. का, ते बोलले नाहीत, पण सगळ्यांना कळलं. त्या सकाळी टंकनाचे आवाजही दबकेच येत होते.

काकांनी चूक जेवणाच्या सुट्टीआधी पकडली. शेवटची बस मध्यरात्र उलटून आगारात यायची. प्रोग्रॅम घड्याळाची वेळ बघायचा, तारीख बदलली हे विसरायचा, आणि कंडक्टरबाई आदल्या दिवशीच पहाटे मोकळी झाली असं समजून तिला भरपूर झोप मिळाली म्हणायचा. काकांनी साहेबांना बोलावून दाखवलं.

तारबाई त्या ओळीवर जेवणानंतर पोचली. तिने कुणाला विचारलं नाही, काकांचं बोलणं कानावर पडू नये म्हणून दोन्ही कानांत इयरफोन घातले. थांबे लावत, विचारत, एकदा चुकीच्या वाटेला लागून परत येत ती शेवटी त्याच जागी आली आणि साहेबांना बोलावलं.

साहेब आले, काकाही आले. तिने आवाज मोकळा केला. बोलक्या तिच्या सवयीच्या वेगाने बोलायला लागला तेव्हा दोघांना एक अक्षर कळलं नाही. तिने वेग कमी केला. थांबा आला, ओळ वाचली गेली, वेळ सांगितली गेली, आणि तारखेचा पत्ता नव्हता.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. मग अवघडून म्हणाले, "फक्त... काकांना हे आधीच सापडलं. म्हणजे तुमचे कष्ट दिसतातच. पण तुम्हीच बघा."

"काय बघू?"

"की फरक पडतोच. वेळेचा."

तारबाईने खुर्ची वळवली. तिचा आवाज चढला नाही, पण खोलीच्या टोकाला बसलेल्यांनाही तो स्पष्ट ऐकू गेला.

"साहेब, शर्यत कुणी लावली होती? मी चूक शोधीन म्हणाले होते, काकांच्या आधी शोधीन असं म्हणाले नव्हते. काकांच्या आधी इथे कोणालाच सापडत नाही. मग सगळ्यांनाच पाठवा खिडकीत. पहिलं आल्याशिवाय जागा टिकणार नसेल तर ह्या खोलीत एकच खुर्ची उरेल, आणि काकाही दोन वर्षांत निवृत्त होतायत."

कुणीतरी फसकन हसलं. काका खाकरले.

"आणखी ऐका," ती म्हणाली. "मी हुशार आहे असं मला सिद्ध करायचं नाही. मी साधारणच आहे. साधारण माणसाला जे मिळतं तेच मला हवंय. उद्याचं काम. परवाचं काम. चुकलं तर बोलणी. एवढंच मागतेय, आणि ते मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही."

साहेबांनी काकांकडे पाहिलं असावं, कारण काका म्हणाले, "माझ्याकडे काय बघताय? ती तिच्या यंत्रावर माझ्याच ओळीवर पोचली. मी तरी दुसरं काय करतो?" आणि मग सवयीने, "फक्त तो आवाज बंद करायला सांगा तिला. डोकं उठलं."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण तुमच्या ह्या जोडणीला कॉम्प्युटर विभागाची मदत मिळणार नाही. मोडली तर तुमची तुम्ही."

"उत्तम," तारबाई म्हणाली. "त्यांचा हात लागला नाही तर टिकेल तरी."

जोडणी मोडलीच. भाषेची नवी आवृत्ती आली आणि डीबगर एका सकाळी उठेचना. तिने शिव्या दिल्या, फाइल पुन्हा चाळली, बदललेला पत्ता शोधून लिहिला आणि कामाला लागली. कंडक्टरबाई पुन्हा एकदा वर आली, ती वेगळ्याच तक्रारीसाठी. ह्या खेपेला ती तारबाईवरच ओरडली, कारण चूक तारबाईच्या ओळीत होती. तारबाईने ऐकून घेतलं आणि दुरुस्त करून दिली.

वर्षाच्या शेवटी साहेब प्रत्येकाला बोलावून शेरा सांगायचे. डोळे गेल्यापासून तारबाईचा शेरा ठरलेला असे: त्यात जिद्द असायची, प्रेरणा असायची, आणि ती नेमकं काय काम करते ते कुठेच नसायचं. ह्या वर्षी साहेबांनी घसा साफ केला आणि सांगितलं, "काम समाधानकारक. वेळेवर येण्याकडे लक्ष द्यावं."

ती रोज उशिरा यायची, हे खरंच होतं. सकाळी तिला उठवत नसे. त्याचा डोळ्यांशी काही संबंध नव्हता, ती लहानपणापासूनच तशी होती. इतक्या वर्षांत तिला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

घरी तिने शेरा सांगितला तेव्हा नवरा चिडला. "एवढं करून हे? मी बोलतो तुझ्या साहेबांशी."

"खबरदार," ती म्हणाली. "मिळवलंय मी ते."

सासूबाई आतून हसत होत्या, आणि त्यांचं हसू थांबेना. दुसऱ्या दिवशी तारबाई अगदी वेळेवर कामाला गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उशीर झाला.